पहिलारू

लुबोश आला तेव्हा त्याच्या बुटांना
अजून दुकानाचा वास होता.
ओस्ट्राव्हाहून तीन विमानं, नेवाडात दोन बसगाड्या,
आणि शेवटचे चाळीस मैल टपालाच्या गाडीत,
कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यावर बसून.
टोपी मात्र मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली,
देवळातून प्रसाद आणावा तशी.
उतरल्या उतरल्या म्हणाला,
"माझा घोडा कोणता?"

मी त्याला फावडं दाखवलं.

हसू नका. मीही हसले नाही.
माझे सासरे, जुने एचेव्हरी,
असंच काहीतरी ऐकून आपले डोंगर सोडून इथं आले
आणि सोळा वर्षं मेंढ्यांशी बोलत राहिले.

घोडा आहे एक. डफी. वय सव्वीस.
दात गेलेत, भिजवलेला कोंडा खातो.
गुरं आम्ही चारचाकी फटफटीवरून वळवतो,
तिचा ब्रेक लागत नाही, हे मी त्याला
तो ओढ्यात गेल्यावर सांगितलं.

त्याच्या गावी, म्हणे, दर शनिवारी
सगळे रानात जमायचे, कोळशाच्या खाणींच्या पलीकडं.
ट्राम चालवणारा शेरीफ,
दातांचा डॉक्टर दरोडेखोर,
शेकोटी, डब्यातले घेवडे, पहाटेपर्यंत गाणी.
"तुम्ही काय गाता?" त्यानं विचारलं.
मी म्हटलं, मी हप्ते भरते.

पेरूहून आलेला एउसेबियो, तीन वर्षांच्या करारावर,
त्यानं एकदाच चौकशी केली:
तुला इथं यायचे पैसे कुणी दिले?
"मीच साठवले. सात वर्षं."
एउसेबियो बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिला,
मग आपले लोकरीचे हातमोजे काढून
त्याला दिले.

फेब्रुवारी. रात्रीचे दोन.
चारशे अठरा नंबरची पहिलारू
गोठ्यात फेऱ्या मारत होती, बसत होती, उठत होती.
वासरू पायाळू.
साखळी लावली, मी ओढलं, लुबोशनं ओढलं,
एउसेबियोनं कंदील ठेवून ओढलं.
आलं ते मेलेलंच.
तिनं ते चाटायला घेतलं.

शेडमध्ये दुसरं एक होतं,
त्याची आई चरात पडून गेली त्या दिवशी.
मी लुबोशच्या हातात सुरी दिली.
"कातडं काढ."
"मला येत नाही."
"कुणालाच येत नाही."

मधे एकदा बाहेर जाऊन ओकून आला.
मग शेवटपर्यंत काढलं, शेपटीसकट,
पायांना भोकं पाडली,
आणि पोरक्याला ते अंगरख्यासारखं घालून
निळ्या सुतळीनं पोटाखाली बांधलं.
ढगळ झालं. मागं लोंबत होतं.

चारशे अठरानं हुंगलं. पुढून. मागून.
एक लाथ घातली.
पुन्हा हुंगलं, शेपटीखाली, फार वेळ,
आणि घशातल्या घशात काहीतरी बोलली.
मग पान्हा सोडला.

लुबोश फळीला टेकून उभा. बाह्या कोपरापर्यंत लाल,
टोपी कुठं पडली त्याचं भान नाही.
"किती दिवस ठेवायचं?"
"दोन-तीन. तिचं दूध त्याच्या पोटातून गेलं की
वास त्याचा स्वतःचा होतो. मग सुतळी कापायची."
"आणि तरी तिनं ओळखलं तर?"
मी कंदील उचलला.
काही वर्षी ओळखतात.

रविवारी तो टेकडीवर चढला,
रेंज तिथंच येते.
मी खाली कुंपणाची तार ताणत होते.
त्याची भाषा मला येत नाही,
पण पलीकडं लहान मूल असावं,
कारण बोलता बोलता थांबून
त्यानं जिभेनं टापा वाजवल्या,
आधी सावकाश, मग दुडक्या चालीनं,
मग चौखूर, चौखूर,
श्वास संपेपर्यंत.

आणि खाली गोठ्यात डफीनं
कोंड्यातून तोंड वर काढलं,
कान टवकारले.